चारशे बारा

चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर मोटरसायकल चालवणं ही मायक्रॉनच्या मते अजिबात अवघड गोष्ट नव्हती. अवघड गोष्टी वेगळ्या असतात. बेअरिंगचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर आहे की नाही हे सांगणं अवघड. सोळाशे किलोमीटर म्हणजे काय, नुसतं बसायचं आणि मूठ पिळायची. त्याने हे आईला, ताईला आणि मिस्त्रींना एकाच दिवशी तीन ठिकाणी सांगितलं आणि तिघांनीही एकच प्रश्न विचारला. कुठल्या गाडीवर?

"बाबांच्या."

यावर आईने फाटकाकडे बघितलं, ताईने कपाळाला हात लावला आणि मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे त्याचं कारखान्यातलं नाव, पण ताईने ते घरी आणलं आणि चिकटवून टाकलं. बेअरिंगच्या कारखान्यात एक तपासणीची खोली होती. तिथली हवा वर्षभर वीस अंशांवर ठेवलेली असे, कारण जरा ऊब वाढली की लोखंड फुगतं आणि माप चुकतं. त्या खोलीत तो दिवसभर मापं घ्यायचा आणि बाहेर आल्यावरही त्याची ती खोड जात नसे. कुणी 'पाच मिनिटांत आलोच' म्हणालं की तो घड्याळ बघायचा. कुणी कौतुकाने 'उंचीला अगदी बाबांवर गेलास' म्हणालं की 'सात मिलिमीटरने कमी' असं सांगायचा. आणि कुणी कुठलाही आकडा तोंडातून काढला की त्याचा ठरलेला प्रश्न असे: ज्याने मोजलंत, ते तपासलेलं आहे का? अशा माणसाला मित्र कमी असतात. मायक्रॉनला दोन होते, त्यातला एक हल्ली टाळत होता.

बाबा विजेची मीटरं वाचायचे. एकतीस वर्षं, एकाच मोटरसायकलवरून, त्याच सात-आठ गल्ल्यांत. जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि लिहून घ्यायचा. मोठ्याने वाचण्याची सवय इतकी हाडीमाशी भिनली होती की घरी परतल्यावर ते 'आलो' असं म्हणतच नसत. फाटकाशी गाडी लावायचे, तिच्या मीटरवरचे शेवटचे तीन आकडे बघायचे आणि दारातून वाचायचे, "दोनशे सात." आतून आई म्हणायची, "चहा टाकते." या घरात संध्याकाळ अशी व्हायची. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंना पहिले सहा महिने वाटत होतं की यांचा काहीतरी जुगार चालतो.

गाडीचं मीटर पाच आकडी होतं. ९९,९९९ झाले की पुढे पाचही शून्यं. ती शून्यं फिरताना बघणं एवढी एकच महत्त्वाकांक्षा बाबांनी आयुष्यात बाळगली आणि तीही सावकाशीने. रोजचे दहा-साडेदहा किलोमीटर पडायचे. उगाच लांबच्या रस्त्याने जाऊन आकडे वाढवणं त्यांना मंजूर नव्हतं. दुसऱ्यांची शून्यं त्यांनी पुष्कळ बघितली होती, आता आपलीही बघू, असं ते म्हणायचे.

आठ महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी बाबांनी फाटकाशी गाडी लावली, दारातून "चारशे बारा" म्हणाले, दाराजवळच्या खुर्चीत टेकले आणि आई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत गेलेले होते.

आईचा चहा व्हायला सहा मिनिटं लागतात. मायक्रॉनने नंतर मोजली होती.

तेव्हापासून गाडी फाटकाशीच उभी होती, मीटरवर ९८,४१२. तिला कुणी हलवलं नाही. ताई म्हणाली होती की निदान पावसातून आत तरी घेऊ या, तर मायक्रॉनने तिच्यावर एक ताडपत्री घातली आणि ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना सारख्या वजनाच्या विटा बांधल्या. मग एक दिवस कारखान्याच्या फलकावर स्पर्धेचा कागद लागला. चोवीस तास, सोळाशे किलोमीटर, पूर्ण करील त्याला प्रमाणपत्र. तो कागद त्याने वाचला आणि उभ्या उभ्या एक लाखातून ९८,४१२ वजा केले. १,५८८ आले.

मायक्रॉनचा शकुनांवर विश्वास नव्हता, योगायोगांवर तर मुळीच नव्हता, पण वजाबाकीवर होता. स्पर्धेचे शेवटचे बारा किलोमीटर राहिले असताना बाबांची शून्यं येणार होती. त्या जागी रस्त्याच्या कडेला आईला उभं करायचं, बरोबर तिच्यासमोर गाडी थांबवायची आणि तिला दाखवायची. बाबांनी नाही, तर निदान आईने बघितली असं होईल. योजना इतकी नेटकी होती की त्याला तीन रात्री शांत झोप लागली. आठ महिन्यांत तसं झालं नव्हतं.

मिस्त्री हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी घरी येऊन गाडीचं इंजिन उघडलं, नव्या रिंगा टाकल्या, पुन्हा बंद केलं आणि हात पुसत समज दिली. ही गाडी तुझ्या ताईपेक्षा वर्षाने मोठी आहे, तेव्हा तिच्याशी अदबीने वाग. आणि पासष्टच्या वर नेऊ नकोस, सहासष्टला ती जागच्या जागी राजीनामा देईल. मायक्रॉनने वहीत ६५ लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या आकड्याचं पुढे काहीही केलं नाही. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

खरी पंचाईत सरावाची होती. मायक्रॉनने आयुष्यात एका दमात चाळीस किलोमीटरच्या वर गाडी चालवली नव्हती. आणि सरावाला गाडी बाहेर काढली की मीटर पुढे सरकणार, म्हणजे १,५८८ मधले किलोमीटर फुकट जाणार. शंभर किलोमीटर सराव केला तर शून्यं शंभर किलोमीटर अलीकडे, कुठल्यातरी आडरानात येणार. मिस्त्रींनी सोपा उपाय सांगितला. पुढच्या चाकापासून मीटरकडे एक केबल जाते, तिचं टोक सोडव, हवं तितकं फिर, मीटर जागचं हलणार नाही.

मायक्रॉनचा चेहरा असा झाला की जणू मिस्त्रींनी बाबांचं घड्याळ विकायला सांगितलं. बाबांनी जन्मभर लोकांना ज्यासाठी पकडलं ते हेच. कुणी मीटर थांबवायचं, कुणी मागे फिरवायचं, कुणी आकडा पुसट झालाय म्हणून गळ घालायचं. बाबांचा नियम एकच होता: मीटरवर दिसतं ते वाचायचं, आपल्याला हवं ते नाही. मायक्रॉनने हे सगळं मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री बाबांना त्याच्यापेक्षा वीस वर्षं जास्त ओळखत होते, त्यामुळे ते वैतागले.

"मग घरात बसून चालव," ते म्हणाले आणि निघून गेले.

टोमणा आणि सूचना यांतला फरक मायक्रॉनला कधीच कळत नसे. पुढच्या रविवारी गाडी बाहेरच्या खोलीत आली. पुढचं चाक फिरू नये म्हणून ते त्याने छोटी चाकं लावलेल्या फळीवर चढवून बांधलं आणि ताई व तो तिला घरात असं घेऊन आले, जसं रुग्णाला खाटेवरून आणतात. सोफा भिंतीला लागला, कपाट कोपऱ्यात गेलं आणि मधल्या स्टँडवर, पंख्याच्या बरोबर खाली, गाडी उभी राहिली. कामावरून आल्यावर रोज दोन तास आणि रविवारी सहा तास असा सराव सुरू झाला. हेल्मेट, हातमोजे, जाड जाकीट, सगळं घालून, इंजिन तेवढं बंद. समोर टेबलफॅन, कारण वाऱ्याने डोळे कोरडे पडतात त्याची सवय हवी. पाठीवरच्या पिशवीतून पाणी प्यायची नळी खांद्यावरून. ताई शाळेत गणित शिकवायची. ती संध्याकाळी वह्या तपासायला इथेच येऊन बसायची आणि मधूनच वर न बघता विचारायची, आता कुठपर्यंत आलास?

आई त्याच्याभोवतीने झाडून घ्यायची. ती म्हणायची, पाय उचल. तो हेल्मेटच्या आतून म्हणायचा, आत्ता नाही, वळण आहे.

एकदा बाबांच्या जागी आलेला नवा मीटर वाचणारा घरात आला. घराचं मीटर बाहेरच्या खोलीतच दारामागे होतं. सोफा आणि कपाट यांच्या मधोमध हेल्मेट घातलेला एक माणूस उभ्या मोटरसायकलवर डावीकडे कलून बसलेला त्याने बघितला. आकडा मनातल्या मनात वाचला, लिहून घेतला आणि निघताना दारात आईला हळूच विचारलं की हे कधीपासून आहे.

"आठ महिने झाले," आई म्हणाली.

त्याने मान हलवली आणि चपला न वाजवता गेला.

आता राहिली होती जागा ठरवायची. स्पर्धेच्या दिवशी ताई आईला आपल्या गाडीतून घेऊन जाणार होती, म्हणून नक्की कुठे थांबायचं ते तिला हवं होतं. मायक्रॉनने नकाशावर शेवटापासून मागे बारा किलोमीटर मोजले. तिथे एक पेट्रोल पंप निघाला. झाड होतं, सावली होती, स्वच्छतागृह होतं. सगळं छान. ताईने नकाशा बघितला, त्याच्याकडे बघितलं आणि बरीच वर्षं राखून ठेवलेला प्रश्न टाकला.

"पण बाबांचं मीटर तपासलेलं आहे का?"

मायक्रॉनने टेबलफॅन बंद केला. जगातल्या प्रत्येक मापाला त्याने हा प्रश्न विचारला होता, या एका मापाला सोडून. गाडीची मीटरं पुष्कळदा जास्त दाखवतात. दोन टक्के जास्त दाखवत असेल तर शून्यं एकतीस किलोमीटर आधीच येणार, आणि तिथे होता एक लांबलचक पूल, ज्यावर थांबायला मनाई. तीन टक्के असेल तर सिमेंटच्या कारखान्याचं फाटक. आणि एक टक्का कमी दाखवत असेल तर शून्यं शेवटच्या रेषेच्या चार किलोमीटर पलीकडे येणार, म्हणजे स्पर्धा संपून लोक घरी गेल्यावर. आठवडाभर आईची जागा रोज बदलत राहिली. सोमवारी ती पुलावर होती, बुधवारी सिमेंटमध्ये, टायरमधल्या हवेचा विचार केल्यावर गुरुवारी एका टायरवाल्याच्या दुकानासमोर. आई प्रत्येक वेळी नकाशावर वाकून बघायची आणि एकच विचारायची.

"आणि मी तिथे नुसती उभी राहणार?"

मायक्रॉनने वहीत लिहिलं: घडीची खुर्ची. दुसऱ्या दिवशी घेऊनही आला.

मीटर तपासायचं ठरलं. रस्त्यावर तपासावं तर किलोमीटर खर्च होणार. म्हणून त्याने ते गाडीवरून काढून तपासणीच्या खोलीत न्यायचं ठरवलं. तिथे केबलच्या जागी एक विजेची मोटर जोडायची, दहा किलोमीटर होतील इतके फेरे द्यायचे, मीटर किती दाखवतं ते बघायचं आणि मग मोटर उलटी फिरवून दहा किलोमीटर परत करायचे. म्हणजे बाबांचे चारशे बारा जिथल्या तिथे. हे मीटर मागे फिरवणंच आहे हे त्याला कळत होतं, पण ही फसवणूक नव्हती, ही तपासणी होती. असं त्याने स्वतःला दोनदा समजावलं. बरोबर असलेली गोष्ट त्याला एरवी एकदाच समजावावी लागे.

त्याआधी चाकाचा घेर हवा होता, तोही वर माणूस बसलेला असताना. बाहेरच्या खोलीत त्याने पुढचं चाक फळीवरून उतरवून त्याला खडूची खूण केली, वर बसला आणि ताईने गाडी एक फेरा पुढे ढकलली. आईने फरशीवर वाकून खूण कुठे टेकते तिथे रेघ मारली. मग गाडी तेवढीच मागे घेऊन चाक पुन्हा फळीवर बांधलं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी त्याने मीटर खोलून काढलं तेव्हा आईने ते क्षणभर हातात मागितलं. काचेवरची धूळ तिने अंगठ्याने पुसली, आकडे बघितले आणि परत दिलं.

शुक्रवारी कारखाना सुटल्यावर, बरोबर साडेपाचला, मायक्रॉनने मोटर चालू केली. वेग ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे दहा किलोमीटरना पंधरा मिनिटं. मीटर सरकलं. चारशे बाराचे चारशे तेरा होताना त्याने दुसरीकडे बघितलं. पाच मिनिटांनी ताईचा फोन आला.

"घरी ये. आई गाडीवर आहे."

"गाडीवर म्हणजे?"

"गाडीवर म्हणजे गाडीवर. उतरता येत नाहीये, आणि पाय सुजलाय."

घाबरलेला माणूस सवयीने वागतो. मायक्रॉनने दिवे घालवले, दार ओढलं, कुलूप लावलं आणि धावत सुटला. त्या खोलीतली वीज कधीच बंद होत नसे, नाहीतर वीस अंश कसे राहणार? भिंती जाड, दार दुहेरी. आणि पुढे दोन दिवस सुट्टी.

घरी आई खरोखरच गाडीवर होती, पण पुढच्या जागेवर नाही. ती मागे बसली होती. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, दोन्ही हातांनी समोरची रिकामी सीट धरून. खाली घडीची खुर्ची मिटून पडली होती. तिच्यावर पाय देऊन आई चढली होती आणि चढता चढता खुर्चीने आपलं काम केलं होतं. ताई येईपर्यंत एक तास दहा मिनिटं ती तशीच बसून होती आणि ताईला तिने हात लावू दिला नाही. मायक्रॉनने तिला उचलून खाली घेतलं. त्याच्या अंदाजापेक्षा तिचं वजन निदान चार किलोने कमी होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

आईचं म्हणणं, ती धूळ पुसत होती. मागच्या सीटवर बसून कुठली धूळ पुसतात, हे कुणी विचारलं नाही.

पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. डॉक्टरांनी बर्फ सांगितला, दर दोन तासांनी दहा मिनिटं. असली आज्ञा मायक्रॉनसाठीच बनलेली असते. शनिवारभर तो गजर लावून बर्फाची पिशवी धरत होता. तपासणीची खोली त्याच्या डोक्यातून अशी निघून गेली होती, की जणू ती कधी नव्हतीच.

रविवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याने पिशवी आईच्या पायाला लावली आणि गजर लावला. समोर मीटर नसलेली गाडी उभी होती. मीटरच्या जागी नुसतं भोक आणि त्यातून बाहेर आलेल्या तारा. आई तिच्याकडे बघत होती.

"मी धूळ पुसत नव्हते," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गुडघा दुखायला लागल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती बाबांच्या मागे बसली नव्हती. बाबांनी गेल्या वर्षी दोन-तीनदा विषय काढला होता. शून्यं येतील त्या दिवशी शेवटचा किलोमीटर तू मागे बस, दोघं मिळून बघू. आणि तिने दर वेळी म्हटलं होतं, आधी आकडा तर येऊ द्या, मग बघू.

"तू रोज माझी जागा शोधतोयस. पूल काय, सिमेंट काय. मला रस्त्यात उभं राहायचंच नव्हतं रे. तू सहा-सहा तास बसतोस, म्हटलं आपल्याला बारा किलोमीटर जमतात का बघावं. चढले तर खरं."

आठ महिने मायक्रॉन सगळं मोजत होता, आणि आईला एकदाही विचारलं नव्हतं.

"बसवतो तुला," तो म्हणाला. "शेवटचे बारा तू मागे. शून्यं आपण दोघं बघू."

गजर वाजला. नऊ वाजून बारा मिनिटं. त्याने पिशवी काढून घेतली.

सोमवारी सकाळी साडेआठला त्याने तपासणीच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आतून येणारी बारीक घरघर ऐकून दारातच थांबला. हवा वीस अंश होती. सगळं जागच्या जागी होतं. टेबलावर मोटर एखाद्या गुणी नोकरासारखी, कुणी सांगितलं नाही म्हणून न थांबता, फिरत होती.

मीटरवर ००,९३२ होते.

त्याने मोटर बंद केली, स्टूल ओढलं आणि बसला. मग जे त्याला येतं ते केलं. शुक्रवार साडेपाच ते सोमवार साडेआठ, त्रेसष्ट तास. ताशी चाळीस म्हणजे दोन हजार पाचशे वीस किलोमीटर. मीटर दोन हजार पाचशे वीसच पुढे गेलं होतं, एकाचाही फरक नाही. इतकी लांब चाचणी त्या खोलीत आजवर झाली नव्हती आणि इतका चांगला निकालही कुठल्या मापाचा आला नव्हता. बाबांचं मीटर अगदी बरोबर होतं. आईची जागा पहिल्यांदा काढली तीच, पेट्रोल पंपाची.

मग त्याने दुसरं गणित केलं, जे करायला नको होतं. १,५८८ भागिले चाळीस. एकोणचाळीस तास बेचाळीस मिनिटं. शुक्रवार साडेपाचपासून मोजले की रविवार येतो. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं.

त्याने ते तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नऊ बाराच आले. बाबांनी एकतीस वर्षं वाट बघितलेली शून्यं कुलपाआड, दिवे घालवलेल्या खोलीत, रिकाम्या स्टुलासमोर येऊन गेली होती.

मोटरला उलटं फिरण्याचंही बटण होतं. त्रेसष्ट तास उलटी फिरवली की पुन्हा चारशे बारा. कुणाला कळलं नसतं. त्याने ते दाबलं. नऊशे एकतीस झाले, नऊशे तीस, नऊशे एकोणतीस. तिथे त्याने हात मागे घेतला. मीटर मागे फिरवणाऱ्या माणसाकडे बाबा कसे बघायचे ते त्याला माहीत होतं. ते ओरडत नसत. टॉर्च बंद करायचे आणि त्या माणसाची नजर वर येण्याची वाट बघत उभे राहायचे.

मायक्रॉनने मोटर पुन्हा सुलटी केली, मागे गेलेले तीन किलोमीटर साडेचार मिनिटांत पुढे नेले, नऊशे बत्तीसवर बंद केली आणि मीटर रुमालात गुंडाळलं.

संध्याकाळी त्याने आई आणि ताईसमोर सगळं सांगितलं, काही न गाळता, उलट्या बटणासकट. रुमाल टेबलावर उघडा पडला होता. ताई त्याची खिल्ली उडवेल अशी त्याची खात्री होती, पण तिने मीटर आपल्याकडे वळवून आकडे बघितले. मग तिने शाळेतल्या आवाजात, जरा हळू, विचारलं, "मिस्त्रींनी वेग किती सांगितला होता?"

"पासष्ट."

"चोवीस तास, एक मिनिटही न थांबता, पासष्टने गेलास तर?"

"पंधराशे साठ."

"आणि शून्यं?"

"पंधराशे अठ्ठ्याऐंशीला."

"म्हणजे तशीही आली नसती."

"नसती," मायक्रॉन म्हणाला. तिसरीतल्या पोराला येणारा हा गुणाकार. वहीत दोन रेघा मारलेल्या त्या पासष्टपुढे त्याने चोवीस कधी लिहिलेच नव्हते. लिहिले असते तर गाडी फाटकाशीच राहिली असती, ताडपत्रीखाली.

ताईने विचारलं, मग शनिवारच्या स्पर्धेचं काय करणार? तो म्हणाला, जाईन, पासष्टने जमेल तितकं जाईन. आई म्हणाली, जा, पण मी कुठेही उभी राहणार नाही. मग तिने मीटर रुमालातून उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"कधी आली म्हणालास?"

"काल सकाळी. नऊ बाराला."

"तेव्हा आपण इथेच होतो."

"हो."

"तू मला म्हणत होतास, बसवतो."

मायक्रॉनने मान हलवली. आईने मीटर त्याच्या हातात दिलं.

"बसव मग," ती म्हणाली.

त्याने मीटर जागेवर लावलं, केबल जोडली, पुढचं चाक फळीवरून सोडलं. गाडी घराबाहेर काढताना दाराच्या चौकटीला हँडल घासलं आणि पहिल्यांदाच त्याने ओरखड्याची लांबी मोजली नाही. ताईने आणि त्याने मिळून आईला मागे बसवलं, पट्टी बांधलेला पाय जपत. बाबा जायचे त्या गल्ल्यांतून ते गेले, इतके हळू की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वळून बघत राहिला. आईने आधी सीटची कड धरली होती. पहिल्या वळणावर तिचा एक हात त्याच्या खांद्यावर आला आणि मग तिथेच राहिला. कुणाच्या जिन्याखाली कुठे मीटर आहे ते ती मधूनमधून सांगत होती. तिला कसं माहीत, हे त्याने विचारलं नाही. ताई कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत आली होती, तिथून ती आपल्या घरी गेली.

फाटकाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली बघितलं. मग दाराकडे तोंड करून त्याने वाचलं.

"नऊशे चौतीस."

आतून उत्तर आलं नाही. तो थांबला. दार उघडं होतं, दाराजवळची खुर्ची रिकामी होती, स्वयंपाकघरात दिवा नव्हता. असं कसं, असं त्याच्या मनात आलं, आणि इतक्या हुशार माणसाला ते कळायला पुरती सात-आठ सेकंदं लागली, की जी उत्तर देते ती आज आपल्याच मागे बसली आहे.

खांद्यावरचा हात तसाच होता. मग मागून आवाज आला.

"टाकते चहा. पण आधी मला खाली उतरव."